आईची चिडचिड, बाबांचा राग

आमची धाकटी मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेतून मराठीचा गृहपाठ मिळाला होता : खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा. दहा शब्द होते. त्यातला चौथा शब्द ‘चिडचिड’ आणि पाचवा ‘राग’. रात्री जेवणे झाल्यावर तिने वही माझ्यापुढे ठेवली. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासायचे आणि घरी आल्यावर मुलांच्या वह्या तपासायच्या, हा माझा रोजचा परिपाठ.

चौथे वाक्य होते, ‘आई रोज चिडचिड करते.’ पाचवे होते, ‘बाबांना कधी कधी राग येतो.’

शुद्धलेखन बिनचूक होते. मी दोन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केली आणि हसत हसत पत्नीला वाचून दाखवली. ती मोरीत भांडी घासत होती. मान वर न करता तिने विचारले, “तुमचा राग, आणि माझी चिडचिड? मग माझा राग कुठं गेला?”

मुलगीच मध्ये बोलली, “आई, तुझं तर रोजच असतं. रोज असतं तो राग नसतो.”

आम्ही सगळे हसलो. पत्नी हसली नाही. गोष्ट तेवढ्यावर संपली, असे मला वाटले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी बी.कॉम. झालेला, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी एका कार्यालयात लेखा शाखेत कारकून आहे. साडेसहाला घरी येतो, चहा घेतो आणि वस्तीत किंवा विहारात जायला निघतो. कुणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कुणाच्या मुलाची शिष्यवृत्ती जमा झालेली नसते, कुणा म्हातारीची निराधार योजनेची फाईल कुठल्या टेबलावर पडली आहे याचा शोध घ्यायचा असतो. वीस वर्षे हेच चालू आहे. कार्यक्रमात माझी ओळख करून देताना लोक ‘तळमळीचा कार्यकर्ता’ असे म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडते. खोटे कशाला बोलू?

आमच्या वस्तीत नळ दोन दिवसांआड येतो, पहाटे साडेचारला आणि जेमतेम पाऊण तास. मी रात्री उशिरा परततो म्हणून पहाटे उठत नाही. पाणी पत्नी भरते. नंतर डबे, मुलांच्या शाळा, धुणे, दुपारी मशीनवर साड्यांचे फॉल-पिको, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. माझी आई आमच्यातच असते. तिला मधुमेह आहे, तिचे पथ्यपाणीही हिच्याकडेच.

त्या वर्षी ७ फेब्रुवारीला रमाईच्या जयंतीला विहारात मी बोललो. रमाईने चार लेकरांचा मृत्यू पाहिला, पती परदेशात शिकत असताना हालअपेष्टा सोसल्या, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही, असे मी आवाज चढवून सांगितले. टाळ्या पडल्या. घरी आलो तर पत्नीने दारातच सुरू केले : सिलिंडर संपले आहे, दोनदा सांगितले होते, नंबर का लावला नाही? मी म्हणालो, “आत्ताच रमाईवर बोलून आलो. त्या माउलीनं किती सोसलं, जरा आठव.” ती काही बोलली नाही. ताटली ओट्यावर आदळली. मी मुलीकडे पाहून डोळे मिचकावले आणि म्हणालो, “बघ, झाली हिची चिडचिड सुरू.”

मुलीच्या वहीतले वाक्य कुठून आले होते, ते मला पुढे कळले. ते माझेच वाक्य होते.

मार्च महिना उजाडला. २० मार्चच्या कार्यक्रमासाठी मी भाषणाची टिपणे काढत होतो. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. पाणी हा माणसाचा हक्क कसा, यावर मी चार पाने लिहिली आणि उशाशी ठेवून झोपलो. पहाटे शेजारच्या काकूंनी दार ठोठावले. “उठा हो, तुमची मंडळी नळावर बसली खाली. उठता येईना तिला.”

मी धावलो. हंडा कलंडलेला, पाणी वाहून चाललेले आणि पत्नी ओल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पिठासारखा पांढरा. मला पाहून म्हणाली, “आधी हंडा सरळ करा. नळ जाईल.”

सकाळी तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली, जीभ पाहिली. मग एकेक प्रश्न विचारू लागल्या. जिना चढताना दम लागतो का? उठताना चक्कर येते का? रात्री अंथरुणावर पाय वळवळतात का, एका जागी ठेववत नाहीत असे होते का? पत्नी मान हलवत होती. मग त्यांनी विचारले, “आणि चिडचिड होते का हो ताई?”

पत्नीने एकदा माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाली, “होते.” आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

मी तिथे उभा होतो. हा शब्द तिने घरात शेकडो वेळा ऐकला होता, पण तो प्रत्येक वेळी ‘करतेस’ असा. ‘होते का’ असे तिला कुणी विचारल्याचे मला आठवेना.

रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन ८.१. बाईच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते. दोन वर्षांपासून पाळीच्या वेळी अंगावरून फार जात होते, ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. “सांगून काय करायचं? तुम्ही घरी असता कधी?” असे ती नंतर म्हणाली. डॉक्टरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले : गोळीच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही, लिंबू चालेल, शौचास काळे झाले तर घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि बरे वाटू लागले तरी काही महिने चालूच ठेवायच्या. रक्त कमी असले की थकवा येतो, रात्री पाय चाळवतात, झोप लागत नाही आणि माणूस चिडचिडा होतो, हेही त्यांनी समजावून सांगितले.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी मुलीची ती वही काढली आणि चौथ्या वाक्याकडे पाहत बसलो. मी भाषातज्ज्ञ नाही. पण ज्याचा जन्म आकड्यांमागची चूक शोधण्यात गेला, त्याला एकदा शंका आली की चैन पडत नाही.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ‘होते’ आणि ‘करते’ यांची. स्वतःविषयी बोलताना आपण म्हणतो, ‘आज माझी फार चिडचिड होतेय.’ जणू काही ताप आला, पोट बिघडले, तसे आपल्याला काही झाले. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र म्हणतो, ‘तो चिडचिड करतो’, ‘ती चिडचिड करते’. म्हणजे ती मुद्दाम करते, हौसेने करते, नको करू म्हटले तर थांबवू शकते. रागाचेही तसेच. माझ्या मुलीच्या वाक्यात बाबांना राग ‘येतो’. तो बाहेरून येतो, बाबांचा त्यात काय दोष?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ‘चीड’ आणि ‘चिडचिड’ हे एकाच घरातले शब्द. चिडणे, चिडका, चिडखोर, चिडवणे, सगळे एका कुळातले. पण चीड म्हटले की आपण लगेच विचारतो, कशाची? अन्यायाची चीड, खोटेपणाची चीड, लाचखोरीची चीड. ज्या गोष्टीमुळे चीड आली तिचे नाव त्या शब्दाच्या आधी येऊन बसते. आता ‘चिडचिड’ घ्या. आईची चिडचिड, म्हातारीची चिडचिड, पोराची चिडचिड. इथे आधी येते ते माणसाचे नाव. पाण्याची चिडचिड, सिलिंडरची चिडचिड, अपुऱ्या झोपेची चिडचिड असे मराठीत कुणी म्हणत नाही. चिडीला कारण असते. चिडचिडीला फक्त मालक असतो. एकच अक्षरजोडी दोनदा म्हटली आणि मधल्यामध्ये कारण गळून पडले.

मी मग अस्वस्थपणाचे जेवढे शब्द आठवले तेवढे एका कागदावर लिहिले. मराठी भाषा याबाबतीत फार श्रीमंत आहे. तान्ह्या मुलाची किरकिर. थोड्या मोठ्या मुलाची पिरपिर. कानाशी एकच मागणे पुन्हा पुन्हा चालते ती भुणभुण. काम अंगावर आले की दबक्या आवाजात होते ती कुरकुर. सभा लांबली की मागच्या रांगेत होते ती चुळबुळ. तापात किंवा उन्हाळ्यात जिवाची होते ती तगमग. हे करू की ते करू, अशी मनाची होते ती घालमेल. राग आहे पण हातात काही नाही, तेव्हा होते ती चडफड. चार जणांत आतल्या आत चालते ती धुसफूस. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून होतो तो जळफळाट. आणि समाजासाठी जीव तुटतो ती तळमळ.

यादी पाहताना एक गंमत दिसली. गंमत कसली, बोचलेच ते. अस्वस्थपणा साऱ्यांचाच, पण वाटप मात्र सारखे नाही. ‘तळमळ’ माझ्या वाट्याला आली होती, ‘चिडचिड’ तिच्या. वस्तीत पाणी येत नाही म्हणून मी अधिकाऱ्यासमोर टेबलावर हात आपटला तर ती तळमळ. घरात पाणी नाही म्हणून तिने ओट्यावर ताटली आपटली तर ती चिडचिड. पाणी तेच होते.

कचेरीतही हेच पाहतो. साहेब रागावतात, साहेबांचा पारा चढतो, साहेब संतापतात. साहेबांची चिडचिड होते असे त्यांच्या दारापाशी उभे राहून म्हणण्याची कुणाची छाती नाही. बाबू लोक कुरकुर करतात. शिपाई चिडचिड करतो. रोजंदारीवरची झाडणारी बाई बोलली तर तिला कटकटी म्हणतात. जो जितका खालच्या पायरीवर, त्याच्या रागाला तितका हलका शब्द. त्याचा राग मानला तर त्याचे कारण विचारावे लागेल आणि कारण विचारले तर उत्तर द्यावे लागेल. त्यापेक्षा चिडचिड म्हटले की काम भागते. स्वभावाला औषध नाही, असे म्हणून मोकळे होता येते.

आपल्या समाजाला हे नवे नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी आवाज केला तेव्हा गावाने त्याला राग म्हटले नाही, माज म्हटले. शब्द लावणारा नेहमी वरच्या पायरीवर होता. हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे. आपल्याच घरात मी वरच्या पायरीवर उभा आहे, हे मात्र मला नळावर कलंडलेल्या हंड्याने दाखवले.

लहानपणी आम्ही चिडणाऱ्या पोराला ‘चिडका बिब्बा’ म्हणून चिडवायचो. माझ्या आजीला ते आवडायचे नाही. आजी सुगी संपली की बिब्बे फोडायच्या कामावर जायची. बिब्ब्याचे तेल अंगावर उडाले की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. त्याला बिब्बा उतला असे म्हणतात. आजी हाताला राख चोळून बसायची, तरी तिच्या मनगटावर काळे डाग कायमचे राहिले. त्या तेलाने परीट कपड्यांवर खुणा करतो, ती धुऊन जात नाही. पण त्याच बिब्ब्याच्या आत गोडंबी निघते. बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती. आजी म्हणायची, “बिब्ब्याले नाव ठेवता, अन् गोडंबी खाता!”

तिची आणखी एक सवय होती. घरात कुणी बाई आदळआपट करू लागली की आजी हातातले काम ठेवून तिच्याजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, “काऊन कावली वं माय?” वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या बोलीत ‘काऊन’ म्हणजे का, कशामुळे. कावणे म्हणजे त्रासून जाणे. ‘गप्प बस’ असे आजी आधी कधी म्हणत नसे. आधी तिचा ‘काऊन’ यायचा. उत्तर ऐकेपर्यंत ती उठायची नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाईला जे कळत होते ते बी.कॉम. झालेल्या नातवाला कळायला दवाखाना गाठावा लागला.

बी.कॉम.चा विषय निघालाच आहे, तर आमच्या धंद्यातले एक सांगतो. वर्षअखेरीस तेरीज काढतात. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यावी लागते. कधी कधी काही केल्या ती जुळत नाही. मग जेवढा फरक असेल तेवढी रक्कम उचंत खात्यात टाकून तात्पुरता मेळ बसवतात. पण पुढे बसून ती चूक शोधावीच लागते आणि उचंत खाते मिटवावे लागते. जो कारकून वर्षानुवर्षे तसेच पुढे ओढतो तो एक दिवस लेखापरीक्षणात सापडतो. आमच्या घरात ‘चिडचिड’ हे असेच खाते होते. झोप कमी, रक्त कमी, पैसा कमी, विसावा नाही, नवरा घरी नाही. जे जे जुळत नव्हते ते सारे त्या एका शब्दात टाकून मी मेळ बसवला होता.

म्हणून एका रविवारी मी कागद घेतला आणि तिच्या कामाचे तास मांडले. नळाचा दिवस आणि बिननळाचा दिवस, शाळेचा दिवस आणि सुटीचा दिवस, सगळे धरून, दुपारचे जेवण आणि घटकाभर टेकणे वजा करून रोजचे सरासरी चौदा तास आले. आठवड्याचे अठ्ठ्याण्णव. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हा इतिहास मी १ मेच्या भाषणात दरवर्षी सांगतो. माझ्या घरातला आठवडा त्याच्या दुपटीहून दोन तासांनी मोठा आहे, हे मी कधी मोजलेच नव्हते.

रमाईचेही तेच. बाबासाहेबांनी रमाईचे ऋण लेखी मान्य केले. आपला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांनी ऋण नोंदवले, आणि आपण त्या माउलीच्या सोसण्याची फूटपट्टी करून घरच्या बाईच्या पाठीवर मारतो. रमाई वयाची चाळिशीही न गाठता, २७ मे १९३५ रोजी गेली. सोसण्याचे गुणगान करताना हेही सांगावे, असे आता मला वाटते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चिडचिडीला कारण असते म्हणजे ती कुणावरही काढायला मोकळीक मिळाली, असे नव्हे. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. साहेब माझ्यावर ओरडतो, मी घरी येऊन पत्नीवर, पत्नी मुलीवर, मुलगी धाकट्या चुलतभावावर. पाणी उताराकडे धावते तशी चिडचिड दुबळ्याकडे धावते. शेवटी ज्याच्या खाली कुणीच नाही त्या लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. हे पाप आहे आणि कितीही थकलो तरी त्याचे समर्थन होत नाही.

आपल्या धम्मात मनाला झाकून टाकणारी पाच नीवरणे सांगितली आहेत. त्यांत द्वेषाचा व्यापाद आहे आणि मनाच्या चंचलतेचे, हुरहुरीचे उद्धच्च-कुक्कुच्चही आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसाची चिडचिड होतच होती! पण तथागतांची रीत कारण शोधण्याची. कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण गेले की कार्य जाते. मी विहारात ‘प्रतीत्यसमुत्पाद’ असा जड शब्द उच्चारतो. आजी त्याला ‘काऊन’ म्हणायची.

चिडचिडीची कारणे पुष्कळदा अगदी साधी, शरीरातली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के. म्हणजे आपल्या ओळीतल्या दर दोन घरांपैकी एकात हा प्रकार असू शकतो. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी जाण्याचा काळ येतो, तेव्हाही झोप उडते, अंगातून वाफा येतात, जीव घाबरा होतो. थायरॉइड बिघडले, साखर फार कमी झाली, तरी माणूस चिडका होतो. माझ्या आईचे जेवण लांबले की ती का कावते, ते आम्हाला आता कळले आहे. आणि म्हाताऱ्या माणसाला नीट ऐकू येत नसेल तर तेही ‘तिरसट’ ठरते. ही कारणे साध्या तपासणीत सापडतात. दारू, कर्ज, नोकरीची टांगती तलवार ही कारणे तपासणीत सापडत नाहीत. ती जवळ बसून विचारावी लागतात.

शेवटी आणखी एका शब्दाविषयी. एका जागी न बसणाऱ्या पोराला आपण ‘चळवळ्या’ म्हणतो. चळवळ म्हणजे हातापायांची, जिवाची अस्वस्थ हालचाल. हाच शब्द पुढे केवढा मोठा झाला! महाडला जमलेल्या हजारो लोकांच्या मनातला अस्वस्थपणा काही वेगळ्या मातीचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या एकेकाने तो घरात, एकमेकांवर काढला असेल. तिथे त्याला कारणाचे नाव मिळाले, माणसे एकत्र आली आणि त्याची चळवळ झाली. मग घरातल्या बाईच्या अस्वस्थपणालाच आपण बिनकारणाचा का ठरवायचे?

यंदा आमच्या विहारात आम्ही एक लहानसा उपक्रम केला. रविवारच्या वंदनेनंतर सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकांना बोलावून महिला मंडळाच्या भगिनींचे रक्त तपासून घेतले. भाषण ठेवले नाही. हार-तुरे नाहीत. ज्यांचे रक्त कमी निघाले त्यांना गोळ्या सुरू झाल्या. खर्च काही आला नाही. फक्त पत्र घेऊन दवाखान्यात दोन हेलपाटे घालावे लागले. वाचकांनी आपापल्या वस्तीत हे जरूर करावे, ही विनंती. आणि त्या रविवारचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा, ही दुसरी विनंती.

पत्नीची तब्येत आता बरीच सुधारली आहे. हिमोग्लोबिन साडेअकरावर आले. तिने ओरडणे बंद केले असे मात्र समजू नका. ओरडते; आणि आता स्पष्ट कारणासकट ओरडते, त्यामुळे मला पळवाट उरलेली नाही.

एक आड एक नळाची पाळी आता माझी आहे. पहिल्या महिन्यात फार जड गेले. रात्री बाराला निजायचे आणि सव्वाचारला उठायचे. तिसऱ्या पाळीच्या दिवशी सकाळी मुलीच्या दप्तराचा बंद सापडेना एवढ्यावरून मी खेकसलो, चहा थंड म्हणून कप बाजूला सारला आणि आईलाही काहीतरी बोललो.

मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, “आई, आज बाबा चिडचिड करतायत!”

पत्नी पोळी लाटत होती. तिने शांतपणे पोळी उलटली आणि म्हणाली, “करत नाहीत गं. होतेय त्यांची. झोप झाली नाही.”

जयभीम.